दूरच्या बेटाचा बेत

प्रवासाचें शास्त्र आमच्या आजोबांच्या पिढीस जितकें अवगत होतें, तितकें आमच्या पिढीस नाहीं, असें आम्हांस अलीकडे वारंवार वाटूं लागलें आहे. काशीस जावयाचें म्हटलें म्हणजे त्या काळीं मजला ठरत, मुक्काम ठरत. बरोबर कोण, शिधा किती, पाऊस कोठें गांठील, मागें घर कोणाच्या स्वाधीन, या सर्वांचा विचार महिनोन् महिने चाले. आज तिकीट पाव घटकेंत निघतें, आणि तिकीट निघालें म्हणजे बेत झाला असें आपण समजून चालतों. वस्तुतः तिकीट हा बेताचा शेवट असावा. गेले तीन महिने आमच्या घरीं एका लांबच्या प्रवासाचा खल चालला होता. त्यांतून जे दोन-चार विचार हातीं लागले, ते अशाच विचारांत असणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावेत, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रवास न्यूझीलंडचा. जाणारीं माणसें चार : आम्ही उभयतां, आमची धाकटी कन्या आणि जावईबापू. वाहन मोटार, ती तेथेंच भाड्यानें घ्यावयाची आणि आपणच हाकावयाची. हाकणारीं दोघें, कारण आमची मजल आयुष्यभर सायकलीपलीकडे गेली नाहीं. मुदत तीन आठवड्यांची, कारण नोकरी करणाऱ्यांस याहून अधिक रजा एकदम मिळत नाहीं. खर्च दोन घरांत निम्मा-निम्मा. आमचा वांटा निवृत्तिवेतनांतून सांठविलेल्या ठेवीचा. ती ठेव पुन्हां सांठणार नाहीं, आणि आमचे गुडघेही आज आहेत त्याहून उद्यां बरे होणार नाहींत. म्हणजे हा प्रवास एकदांच व्हावयाचा. एकदांच व्हावयाच्या गोष्टीचा मोह मोठा विलक्षण असतो. पुन्हां कोण येतो, तेव्हां सर्वच पाहून घ्यावें, असें मन म्हणूं लागतें. आमच्या मतें बेताचा खरा शत्रु हा मोह होय.

हा मोह बळावण्यास त्या देशाचा नकाशाही कारण होतो. जगाच्या नकाशांत न्यूझीलंड म्हणजे आग्नेय कोपऱ्यांत कोणी तरी सांडलेले दोन थेंब. परंतु क्षेत्रफळ पाहावें तों तें सुमारें २,६८,००० चौरस किलोमीटर भरतें. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरांचा आहे. म्हणजे हीं ‘लहान’ बेटें महाराष्ट्राहून फारशीं लहान नाहींत. वस्ती मात्र अवघी पन्नास लाखांच्या थोडी वर. २०११ च्या शिरगणतींत पुणें शहर व त्यालगतची वस्ती मिळून जवळजवळ तेवढींच माणसें भरलीं होतीं. उत्तरेच्या टोंकापासून दक्षिणेच्या टोंकापर्यंत जाणारा पहिल्या क्रमांकाचा राजरस्ता सुमारें २,००० किलोमीटर लांबीचा असून त्याच्या मध्यें समुद्र आडवा आहे.

त्या देशाचे मूळचे रहिवासी माओरी लोक. त्यांची कथा अशी कीं, माउई नांवाच्या वीरानें गळ टाकून समुद्रांतून एक प्रचंड मासा ओढून काढला, तो मासा म्हणजे उत्तरेचें बेट. आणि ज्या होडींत तो बसला होता, ती होडी म्हणजे दक्षिणेचें बेट. ही कथा वाचली तेव्हां आम्हांस हंसूं आलें. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला आणि कोंकण वर काढलें, असें ज्यांच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितलें जातें, त्यांस माउईचा गळ परका कसा वाटावा? समुद्रालगत राहणाऱ्या लोकांस आपली भूमि समुद्रापासून जिंकून घेतलेली आहे, असें सर्वत्र वाटत असावें. आबेल टास्मन या डच दर्यावर्द्यास ही भूमि १६४२ सालीं दिसली व कॅप्टन कुक १७६९ सालीं तेथें पोंचला. माओरी लोक त्यापूर्वीं कित्येक शतकें तेथें नांदत होते.

आतां बेताकडे वळूं. कन्येनें पहिला बेत मोबाइलवरील नकाशा पाहून एका रात्रींत रचला. ऑकलंडला उतरावयाचें, वायटोमो येथील प्रकाशणाऱ्या अळ्यांच्या गुहा, रोटोरुआ येथील उष्णोदकाचे झरे, टोंगारिरोचे ज्वालामुखी व वेलिंग्टन शहर पाहून मोटारीसकट जहाजांत चढावयाचें, कुकची सामुद्रधुनी ओलांडून पिक्टनला उतरावयाचें, मग पश्चिम किनाऱ्यानें हिमनद्या, क्वीन्सटाउन, मिलफर्ड, माउंट कुक करीत शेवटीं क्राइस्टचर्च गांठावयाचें. अंतर तीन हजार किलोमीटरांच्या घरांत आणि मुक्काम जवळजवळ रोज नवा. बेत वाचतांना आम्हांस धाप लागली.

काळ, काम आणि वेगाचीं उदाहरणें आम्ही मुलांस वर्षानुवर्षें घातलीं. पुस्तकांतल्या उदाहरणांत रस्ता सरळ असतो, गाडीवान थकत नाहीं, आणि ‘जरा थांबा, केवढें सुंदर दिसतें आहे’ असें मागच्या बाकावरून कोणी म्हणत नाहीं. न्यूझीलंडच्या रस्त्यांस हें गणित लागू पडत नाहीं. मोठीं शहरें सोडलीं तर बहुतेक राजरस्ते जाण्यास एक व येण्यास एक अशा दोन पट्ट्यांचेच आहेत. डोंगराळ भागांत वळणांमागून वळणें. कित्येक ठिकाणीं पूल एकेरी. पुलाच्या तोंडाशीं पाटी असते व तिच्यावर दोन बाण असतात. आपल्या दिशेचा बाण लहान व तांबडा असेल तर थांबून समोरच्यास वाट द्यावी, मोठा असेल तर आपण पुढें व्हावें. वेगाची कमाल मर्यादा उघड्या रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटर आहे. पण मर्यादा म्हणजे आज्ञा नव्हे. वरंध किंवा आंबेनळी घाटाचें अंतर कोणी मैलांनीं मोजीत नाहीं, तासांनीं मोजतो; तेथेंही तसेंच करावें. एकच दाखला पुरे. क्वीन्सटाउन व मिलफर्ड यांमधील अंतर सरळ रेषेंत सत्तर किलोमीटरांच्या आसपास. परंतु मध्यें पर्वत असल्यामुळें रस्ता वळसा घेत सुमारें २९० किलोमीटर जातो. जाऊन-येऊन आठ तास केवळ गाडींत! आम्ही वहींत दोन रकाने आंखले, एकांत किलोमीटर व दुसऱ्यांत तास. आणि नकाशानें सांगितलेल्या प्रत्येक वेळेंत त्याचा एक तृतीयांश मिळविला. बेरीज पाहून कन्या गप्प झाली. अठरा दिवसांपैकीं जागेपणींचा बराच काळ चाकांवर जात होता.

यापुढें जो वाद झाला तो गाडी हाकण्याविषयीं, आणि तो आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. सिंगापूरमार्गें जावयाचें तर विमानांत पंधरा-सोळा तास बसणें आलेंच. मधला खोळंबा निराळा. फेब्रुवारींत त्यांचें घड्याळ आपल्यापुढें साडेसात तास असतें. तेथें सकाळचे दहा वाजतात, तेव्हां आपल्या शरीराच्या हिशेबीं रात्रीचे अडीच वाजलेले असतात. उतरल्या दिवशींच गाडी ताब्यांत घेऊन दोन-अडीचशें किलोमीटर गांठावे, असें जावईबापूंच्या मनांत होतें. “बाबा, तेथें वाहनें आपल्यासारखीं डाव्या बाजूनेंच चालतात. परवानाही आपला इंग्रजींतला चालतो. मग अडचण कोणती?” असें ते म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि अपुऱ्या झोपेचें उत्तर दोहोंतही नव्हतें. आम्ही कांहीं बोलणार तोंच सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही उत्तम हाकतां, यांत शंका नाहीं. पण पहाटे अडीचला घरीं मी तुमच्या हातीं चहाचा पेलाही देणार नाहीं, मग माझी मुलगी कशी देऊं?” जावईबापू हंसले, आणि पहिला दिवस गाडीवांचून काढावयाचें कबूल केलें.

त्याच ओघांत त्यांनीं आणखी एक गोष्ट विचारली, ती आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती. “आपण सारीं मागें बसून डोंगर पाहणार. हाकणाऱ्यानें पाहावें केव्हां? त्यानें रस्त्यावर नजर ठेवली तर डोंगर दिसत नाहीं, आणि डोंगरावर ठेवली तर आपण उरत नाहीं.” या एका प्रश्नानें साऱ्या बेताचा सांगाडा बदलला. दुसऱ्याच्या जिवावर सहल करणें आणि त्यास मात्र सहलीपासून वंचित ठेवणें, हें एकत्र प्रवासाच्या धर्मास धरून नाहीं. तेव्हां आम्हीं चार नियम केले. एका दिवसांत चार तासांहून अधिक हाकावयाचें नाहीं. दर दोन तासांनीं उतरावयाचें व हात बदलावयाचा. लागोपाठ दोन दिवस शक्यतों हाकावयाचें नाहीं. आणि अंधार पडण्यापूर्वीं मुक्कामीं पोंचावयाचें. मिलफर्डच्या वाटेवर तर आपली गाडी न्यावयाचीच नाहीं. टे आनाऊ या सरोवराकांठच्या गांवीं ती उभी ठेवून सार्वजनिक बसनें जावयाचें, म्हणजे जावईबापूंसही खिडकी मिळेल. ती वाट सुमारें १२० किलोमीटरांची आहे. मध्यें होमर नांवाचा १.२ किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो, तो १९५४ सालीं वाहतुकीस खुला झाला. मिलफर्डला वर्षाकाठीं सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या आंबोली-महाबळेश्वराच्या तोडीचाच तो पाऊस. फरक इतकाच कीं, त्यास चातुर्मासाचें बंधन नाहीं, तो बारमाही आहे.

नियम ठरल्यावर उत्तरेचें बेट आपोआप गळालें. आपोआप म्हणतों खरें. पण तें गळतांना प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं गेलें. कन्येच्या गुहा गेल्या. आमची एक घंटा गेली. तिची हकीकत सांगण्याजोगी आहे. १८३६ च्या सुमारास विल्यम कोलेन्सो नांवाच्या मिशनऱ्यास उत्तर बेटांतील माओरी स्त्रिया एका विचित्र भांड्यांत बटाटे उकडतांना दिसल्या. तें भांडें म्हणजे कांशाच्या एका फुटक्या जहाजी घंटेचा भाग होता, आणि तिच्यावर तामिळ अक्षरें होतीं. तामिळ घंटा इतक्या दूर कशी पोंचली, हें कोडें आजपर्यंत सुटलेलें नाहीं. ती आतां वेलिंग्टन येथील टे पापा या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहीं आहे. जुनीं अक्षरें पाहिलीं कीं आमचा पाय अडखळतो, हें घरांतील सर्वांस ठाऊक आहे. या घंटेसाठीं तरी वेलिंग्टनला जाऊं, असें म्हणण्याचा आमचा हक्क कोणीं नाकारलाही नसता. परंतु एका घंटेसाठीं दोन दिवस व एक सामुद्रधुनी! ती आम्हीं सोडली. बेत करणें म्हणजे धान्य निवडण्यासारखें आहे. सुपांत उरतें त्यापेक्षां बाजूस काय काढलें, यावरच निवडणाऱ्याचा हात कळतो.

मग आम्हीं एक युक्ति केली. प्रत्येकानें ‘हें मात्र मी सोडणार नाहीं’ अशी एकच गोष्ट सांगावी, आणि बाकीच्या तिघांनीं ती वाद न घालतां मान्य करावी. कन्येनें मिलफर्ड मागितलें. जावईबापूंनीं माउंट कुक मागितला. माओरी भाषेंत त्याचें नांव आओराकी. त्या देशांतील हें सर्वोच्च शिखर ३,७२४ मीटरांचें असून १९५३ सालीं तेनसिंगसह एव्हरेस्टवर चढलेल्या एडमंड हिलरींनीं गिर्यारोहणाचे धडे याच पर्वतांत गिरविले. सौभाग्यवतींची मागणी सर्वांत अनपेक्षित होती. त्या म्हणाल्या, “मला एक संपूर्ण दिवस असा द्या कीं ज्या दिवशीं कोठेंही जावयाचें नाहीं. सरोवराच्या कांठीं खुर्ची टाकीन आणि बसेन. चाळीस वर्षांत सुट्टींत मला बसावयास मिळालें नाहीं.” यावर कोणास कांहीं बोलतां आलें नाहीं. सहलीच्या बेतांत विश्रांतीसाठीं राखलेला एकही दिवस नव्हता, हें त्यांनीं बोलून दाखविल्यावरच आम्हां तिघांच्या लक्षांत आलें.

आम्हीं मागितली ती एक रात्र.

दक्षिण बेटांत टेकापो नांवाचें एक सरोवर आहे. हिमनद्यांनीं दळलेल्या खडकाचें पीठ पाण्यांत तरंगत असल्यामुळें त्याचा रंग दुधाळ निळा दिसतो. त्याच्या आसपासचा ४,३०० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश २०१२ सालीं ‘अंधाऱ्या आकाशाचें संरक्षित क्षेत्र’ म्हणून मान्य झाला. तेथें दिव्यांस झांकणें घालून त्यांचा उजेड जमिनीकडेच वळवितात, कां तर तारे दिसावेत. तेथून आम्हांस अगस्ति पाहावयाचा आहे.

व्याधाच्या खालोखाल आकाशांत सर्वांत तेजस्वी तारा अगस्तीचा. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत त्यासाठीं एक स्वतंत्र अध्याय घातला आहे. वर्षाकाळाच्या अखेरीस त्याचा उदय झाला म्हणजे नद्यांचीं पाणीं निवळतात, अशी आपली जुनी श्रद्धा. परंतु महाराष्ट्रांतून तो दक्षिण क्षितिजापासून फार तर वीस-बावीस अंश वर येतो. एखादी इमारत, एखादें झाड, शहराचा धुरकट उजेड एवढ्यानेंही तो झांकून जातो. विद्यार्थ्यांस गच्चीवर नेऊन तो दाखवितांना ‘त्या नारळाच्या डावीकडे पाहा’ असें म्हणण्यांत आमचीं कित्येक वर्षें गेलीं. विंध्यास वांकवून दक्षिणेस गेलेला हा ऋषि परत आला नाहीं, अशी कथा आहे. तो दक्षिणेस जाऊन राहिला कोठें, याचें उत्तर टेकापोस मिळतें. त्या अक्षांशावर अगस्ति कधीं मावळतच नाहीं. रात्रभर, वर्षभर तो क्षितिजाच्या वरच असतो, आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धांत रात्रीं दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. विश्वामित्रानें आकाशांत टांगलेला त्रिशंकु हाही तेथें न मावळणारा. आपलें मृग नक्षत्र मात्र उलटें, डोकें खालीं पाय वर असें दिसतें. आणि सूर्य पूर्वेस उगवून उत्तरेकडून पश्चिमेस जातो, त्यामुळें मध्यान्हीं सावली दक्षिणेस पडते.

म्हणून प्रवासाची तिथि ठरविण्यास आम्हीं विमानांच्या वेळापत्रकाआधीं पंचांग उघडलें. ताऱ्यांसाठीं चंद्र नसलेली रात्र हवी. दक्षिण गोलार्धांत डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा. पैकीं डिसेंबर-जानेवारींत तेथील शाळांस सुट्टी असल्यानें गर्दी व भाडीं दोन्ही चढलेलीं असतात. फेब्रुवारींत शाळा भरतात, तरी दिवस तेरा-चौदा तासांचा राहतो. तेव्हां महाशिवरात्रीच्या पाठची माघी अमावास्या धरून टेकापोचा मुक्काम बांधला, आणि बाकीचे मुक्काम त्याच्या पुढें-मागें बसविले. शुभकार्यास अमावास्या टाळण्याचा शिरस्ता असलेल्या घरांत अमावास्या शोधून मुहूर्त धरला, हें पाहून आमच्या वडिलांस काय वाटलें असतें, कोण जाणे!

या संदर्भांत एक गोष्ट आम्हीं सौभाग्यवतींस मुद्दाम सांगितली. टेकापोहून ध्रुव दिसत नाहीं. सप्तर्षींपैकीं एकही दिसत नाहीं. अर्थात् अरुंधतीही दिसत नाहीं. विवाहाच्या रात्रीं जे दोन तारे दाखवून आमचा संसार सुरू झाला, ते दोन्ही त्या देशीं क्षितिजाखालीं राहणार. यावर त्या म्हणाल्या, “अहो, ते एकदां दाखवून झाले आहेत. रोज रोज साक्षीदार कशाला हवेत?” अरुंधतीदर्शनाचा इतका संक्षिप्त अर्थ आमच्या वाचनांत कोठेंही आला नव्हता.

तारे ठरले, आतां पोटाचा प्रश्न. शाकाहारी माणसास तेथें उपास पडतो, अशी भीति कित्येकांस असते. ती व्यर्थ आहे. तेथील बहुतेक मोटेलांत खोलीला लागूनच लहानसें स्वयंपाकघर असतें. तांदूळ, डाळी, भाज्या, दूध, दहीं हें सर्व दुकानांत मिळतें. कुकर आमच्या सामानांत आहे. वाद झाला तो येथून काय न्यावें याचा. त्या देशाच्या सीमेवर खाद्यपदार्थांविषयीं निर्बंध अत्यंत कडक आहेत. ताजीं फळें, बियाणें, मध यांस प्रवेश नाहीं; बरोबर जो कांहीं खाण्याचा पदार्थ असेल तो अर्जांत जाहीर करावा लागतो, आणि न केल्यास ४०० डॉलरांचा दंड तेथल्या तेथें होतो. बुटांच्या तळव्यांस माती लागली असेल तर तीही सांगावी लागते. सौभाग्यवतींस हें प्रथम अपमानास्पद वाटलें. त्याचें कारण कळल्यावर मात्र त्यांचें मत फिरलें.

तीं बेटें जगापासून कोट्यवधि वर्षें तुटलेलीं. तेथें वटवाघुळाखेरीज मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नव्हता, सापही नाहीं. शत्रूच नसल्यामुळें कित्येक पक्षी उडणें विसरले. किवी तसा, काकापो नांवाचा जाडा पोपट तसाच. पुढें माणसांबरोबर उंदीर आले, स्टोट आले, पॉसम आले, आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या त्या भोळ्या पक्ष्यांचा संहार झाला. कित्येक जाती कायमच्या नाहींशा झाल्या. आतां उरलेल्या राखण्यासाठीं तें राष्ट्र सीमेवर डोळ्यांत तेल घालून बसलें आहे. “म्हणजे हें त्यांचें सोंवळेंच कीं!” सौभाग्यवती म्हणाल्या. आम्हांसही तसेंच वाटतें. फरक असलाच तर हा कीं, तें सोंवळें माणसांस दूर ठेवण्यासाठीं नसून मुक्या जिवांस जगविण्यासाठीं आहे. पाहुण्यानें यजमानाच्या देवघराशीं पाय धुवावे, तसे आपले बूट घांसून जावे, यांत कमीपणा कसला? शेवटीं मेतकूट, गोडा मसाला व भाजणी एवढेंच न्यावयाचें ठरलें. तिन्ही मूळच्या बंद पाकिटांत, आणि तिन्ही अर्जांत जाहीर करून. ठेवून घेतलें तर राग मानावयाचा नाहीं, हेंही ठरलें.

राहतां राहिला दैवाचा भाग. ती भूमि भूकंपाची आहे. २२ फेब्रुवारी २०११ रोजीं क्राइस्टचर्च शहरांत भूकंपानें १८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. नोव्हेंबर २०१६ मध्यें कायकोऊराच्या भूकंपानें किनाऱ्याचा राजरस्ता दरडींखालीं गाडला गेला, तो पुन्हां खुला होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. एवढें मोठें संकट नेहमीं येत नाहीं. परंतु मुसळधार पावसानें एखादा डोंगरी रस्ता दिवसभर बंद राहणें, ही नित्याची गोष्ट. ज्या बेतांत एक दिवस चुकला म्हणजे पुढचीं सारीं आरक्षणें कोसळतात, तो बेत कागदावर कितीही रेखीव असो, कच्चाच. आपल्या ज्योतिष्यांस हें पूर्वींच कळलें होतें. चंद्र व सूर्य यांचा मेळ बसेना, तेव्हां त्यांनीं अधिक मास घातला. आम्हीं त्याच न्यायानें टे आनाऊच्या मुक्कामांत एक अधिक दिवस घातला आहे. पावसानें मिलफर्डचा दिवस बुडविला तर तो कामीं येईल. न बुडविला तर सौभाग्यवतींची सरोवराकांठची खुर्ची एकाऐवजीं दोन दिवस मांडली जाईल.

असा गाळून-गाळून जो बेत उरला तो असा : क्राइस्टचर्च येथें दोन रात्री, पहिली केवळ झोपेची, टेकापो तीन, कारण आकाश ढगाळ असण्याचा संभव धरलाच पाहिजे, माउंट कुकच्या पायथ्याशीं दोन, वानाका सरोवराकांठीं तीन, टे आनाऊ चार, डनीडिन दोन, तेथील भूशिरावर अल्बॅट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे, ओमारू येथें एक, कारण तेथें सायंकाळीं चिमुकले निळे पेंग्विन समुद्रांतून घरीं परततात, आणि परत क्राइस्टचर्च एक. एकूण रात्री अठरा. गाडी हाकण्याचे दिवस सात. अंतर दीड हजार किलोमीटरांच्या आंत-बाहेर, म्हणजे पहिल्या बेताच्या निम्मेंच. गाडीचा विमा पुरा उतरविला आहे. डोंगरी भागांत मैलोगणती मोबाइल लागत नाहीं, म्हणून छापील नकाशा विकत घेतला आहे, आणि पेट्रोल अर्ध्यावर आलें कीं भरावयाचें असा दंडक आहे. हा बेत स्नेह्यांस दाखविला, तेव्हां ‘इतक्या लांब जाऊन अर्धाच देश पाहणार?’ असें एकानें विचारलें. आम्ही त्यांस म्हणालों, पासष्टाव्या वर्षीं अर्धा देश डोळे उघडे ठेवून पाहतां आला, तर तेवढें फार झालें.

जातांना मन निःशंक आहे, असें म्हणवत नाहीं. इतके तास विमानांत बसणें सौभाग्यवतींच्या पायांस मानवेल कीं नाहीं, ही काळजी आहे. त्या रात्रीं ढग येतील, हीही आहे. परंतु या तीन महिन्यांत एक लाभ आधींच पदरांत पडला. कोणास काय हवें आहे, हें चौघांनीं एकमेकांस स्पष्ट विचारलें. एका छपराखालीं वर्षानुवर्षें वावरूनही जें विचारावयाचें राहून जातें, तें एका नकाशाभोंवतीं बसल्यावर विचारलें गेलें. वाचकांपैकीं ज्यांस दूर जावयाचें असेल त्यांनीं, आणि ज्यांस केवळ गणपतिपुळ्यास जावयाचें असेल त्यांनींही, तिकिटाआधीं ही एक बैठक अवश्य करावी.

ज्यांस कोठेंच जावयाचें नाहीं, त्यांनीं माघी अमावास्येस रात्रीं साडेआठाच्या सुमारास गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाहावें. आड कांहीं नसेल तर क्षितिजापासून थोडा वर अगस्ति दिसेल. टेकापोस त्याआधीं सुमारें सहा तास तो आमच्या डोक्यावर येऊन गेलेला असेल. ढग नसले, तर आम्ही तो पाहिलेला असेल.